फियाटचा गिअर आणि रंजिताचा हात

रंजिता गाडीला लाटण्याने मारते, ही तिच्या सासूची, ठकुबाईची तक्रार होती, आणि महिनाभरात ती तक्रार ऐकली नाही असं घर शेलार गावात उरलं नव्हतं.

मारते म्हणजे अगदी मारतच नव्हती. मानकोलीच्या नाक्यावर गिअर अडकला, की सून खाली उतरायची, बोनेट उघडायची, डब्यांच्या पिशवीतलं लाटणं काढायची आणि इंजिनाच्या बाजूला खाली घालून काहीतरी ढोसायची. मागे कंटेनरवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मग खट् आवाज यायचा, सून बोनेट लावायची, लाटणं पदराला पुसायची आणि निघून जायची. ठकुबाईने हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण तिघांनी तिला येऊन सांगितलं, त्यातल्या एकाने मोबाईलवर दाखवलं, आणि त्याच लाटण्याच्या पोळ्या घरी खायच्या का, असाही प्रश्न कुणीतरी विचारला. लाटणी दोन आहेत, गाडीचं वेगळं, हे ठकुबाईला ठाऊक होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

गाडी ठकुबाईच्या नवऱ्याची, सावळारामची. चौऱ्याऐंशी सालची फियाट, पांढरी, गिअरची दांडी स्टिअरिंगच्याच दांड्याला डाव्या अंगाने लावलेली, हँडगिअर म्हणतात ती. सावळाराम रेतीच्या धंद्यात होता तेव्हा शेलारात दोनच मोटारी होत्या, आणि दुसरी कायम बंद असायची. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. ठकुबाई कधी गाडी चालवायला शिकली नाही. तिसरी इयत्ता आणि घरकाम, एवढंच तिचं शिक्षण. पण नवऱ्याच्या शेजारी पंचवीस वर्षं बसली होती, आणि चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याला जास्त कळतं असं तिचं मत होतं. सावळाराम दोन बोटांनी गिअर टाकायचा. बाकीची तीन बोटं मोकळी असायची. ठकुबाईच्या लेखी गाडी चालवणं म्हणजे ते. बाकी सगळे नुसते स्टिअरिंगला लोंबकळणारे.

मुलगा दीपेशने नवी गाडी घेतली आणि फियाट शेडमध्ये पडली. ती बाहेर काढली रंजिताने. ती शहापूरकडची, भातशेतीतल्या घरातली, गाडी चालवायला लग्नानंतर शिकली. चार वर्षांपूर्वी मानकोलीच्या गोडाऊनमधल्या पोरांना तिने जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. आधी आठ डबे होते, आता पंच्याहत्तर. बिहारकडच्या पोरांना भात-डाळ, इकडच्यांना भाकरी, रविवारी अंडं. शिफ्ट सुटायच्या आत डबा पोचला पाहिजे, नाहीतर पोरं वडापाव खाऊन मोकळी होतात. फियाटची डिकी मोठी, मागचं सीट काढलं की सगळे डबे बसतात, आणि दीपेशची गाडी दीपेश घेऊन जातो. म्हणजे फियाट नाही तर डबे नाहीत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, ठकुबाईला तर सगळ्यांत जास्त.

तरीही तीन दिवसांपूर्वी तिने किल्ली काढून घेतली आणि कनवटीला लावली.

कारण असं घडलं. खारबावचा विशाल जुन्या गाड्या लग्नाला देतो, फुलं लावून, रिबिनी बांधून, नवरा-नवरीचे फोटो काढायला. त्याने फियाट मागितली होती. त्याच्या अंगणात गाडी उभी राहील, पुसलेली, चमकवलेली, वर्षातून वीस-पंचवीस वेळा मंडपापर्यंत जाईल आणि परत येईल. तिला गिअर बदलावा लागणारच नाही, पहिल्यातच सगळं काम. ठकुबाईने आधी त्याला हाकललं होतं. मग मोबाईलमध्ये लाटणं पाहिलं आणि त्याला परत बोलावलं.

दीपेश मधे पडला. आई, डबे बंद होतील, म्हणाला. ठकुबाई म्हणाली, डबे बंद होतील की गाडी मोडेल, ते मी ठरवनार न्हाय, केसरीनाथ ठरवील. केसरीनाथ मेकॅनिक, त्यानेच मे महिन्यात गिअर नीट बसवून दिला होता. तो येऊन बघेल. त्याच्या कामात खोट निघाली तर तो नीट करेल आणि किल्ली सुनेकडे. खोट हाताची निघाली, तर विशाल दुपारी बारा वाजता गाडी घेऊन जाईल. ज्याच्या हातानं गाडी बिघडली त्याचा हात परत गाडीला लागता कामा नये. हे तिने ओट्यावर, शेजारच्या तीन बायकांदेखत सांगितलं. रंजिता तेव्हा डबे घासत होती. ती म्हणाली, "चालेल." आणि पुढचा डबा घेतला.

या 'चालेल'चा ठकुबाईला फार राग आला.

तीन दिवस डबे रिक्षाने गेले. रिक्षावाला भिवंडीच्या बाहेरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि दोन दिवस शिफ्ट सुटल्यावर पोचला. एका गोडाऊनच्या सुपरवायझरने फोन करून रंजिताला हिंदीत विचारलं की सोमवारपासून दुसरा बंदोबस्त करायचा का. तिने शनिवारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. आज शनिवार होता.

केसरीनाथ दहा वाजता आला. पन्नाशीचा, हडकुळा, गळ्यात तुळशीची माळ. माळ दोन वर्षांपूर्वी घातलेली, त्याआधी हाच माणूस कोलंबीसाठी रात्री खाडीत उतरायचा. आता मासळीचं नाव काढलं तरी तोंड फिरवतो. शेडच्या दारातच त्याने टॉवेल नाकाला बांधला.

ठकुबाई बोनेटसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. म्हणाली, आलास का डॉक्टर, आपरेशन हाय का आज?

केसरीनाथ म्हणाला, मावशी, गाडीत अजून वास मारतो. ठकुबाई म्हणाली, गाडी आगरी हाय, माळ तू घातलीस.

त्याने दार उघडलं आणि आधी रंजिताला चाकावर बसवलं. इंजिन बंदच ठेवलं. क्लच दाबून एकेक गिअर टाकून दाखव म्हणाला. स्वतः बोनेटमध्ये वाकला. या गाडीत दांडी वर असते आणि गिअरबॉक्स खाली, पायांच्या पुढे. दोघांना जोडायला दोन सळया असतात. दांडी आपल्याकडे ओढली किंवा लोटली की एक सळई गिअरचं घर निवडते, दांडी वर-खाली केली की दुसरी त्या घरात ढकलते. सळईच्या टोकाला आटे असतात, तिथे फिरवून तिची लांबी कमी-जास्त करायची आणि चेकनटने आवळून टाकायची. वरची दांडी मधोमध आणि खालचा गिअरबॉक्सही मधोमध, म्हणजे दोन्ही न्यूट्रलला, असं जमलं पाहिजे. त्यात सूतभर फरक पडला तरी एक म्हणतो मी घरात शिरलो, दुसरा म्हणतो अजून उंबऱ्यावर आहे. आणि गाडी अडकते. सावळारामने हे सगळं बायकोला मुंब्र्याच्या वळणावर एकदा तासभर समजावलं होतं, गाडी अडकलेली असताना. तिला ते अजून पाठ होतं.

रंजिताने पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याला जाताना दांडी मधेच थांबली. तिने जोर लावला नाही. तळहात दांडीवर नुसता ठेवला होता, आणि धरली होती ती दोन बोटांनी. तिने दांडी मागे आणली, पुन्हा नेली, पुन्हा थांबली.

ठकुबाईने ती दोन बोटं पाहिली. मग तिने शेडच्या पत्र्याकडे पाहिलं, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

केसरीनाथ आत वाकूनच म्हणाला की नट त्याच्या हाताचाच आहे, कुणी हलवलेला नाही. नट आवळला की तो त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढतो, नटावरून थेट सळईवर. रेघ होती तशीच सरळ होती. ठकुबाई लगेच म्हणाली, मग? नट तुझा, नटाला कोन शिवला न्हाय, मग बिघडला कोनाच्या हातानं? केसरीनाथने सळईच्या टोकाची पिन काढली, सळई सुटी केली. गिअरबॉक्सचा खटका हाताने हलवून मधोमध आणला. रंजिताला सांगितलं, वरची दांडी सोड, हात काढ, तिला जिथं राहायचं तिथं राहू दे. मग त्याने सळईचं टोक पिनेच्या भोकाशी आणलं.

ते भोकात बसायला हवं होतं. आपोआप, स्वतःच्या वजनाने. ते एक बोट लांब राहिलं.

केसरीनाथने ते दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा करताना त्याने मान वर केली आणि काचेतून आत गिअरच्या दांडीकडे पाहिलं. दांडीच्या गोळ्याच्या अलीकडे, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे पांढऱ्या धातूवर सुतळीचा बारीक काळपट वळ होता. मग त्याने ठकुबाईकडे पाहिलं.

ठकुबाईला तेवढं पुरेसं होतं.

मे महिन्यात स्वयंपाकघराच्या लाद्या बदलायला काढल्या होत्या. आठवडाभर चूल बंद, म्हणून डबे बंद, म्हणून रंजिता माहेरी. आणि नेमकं आगोटीचं सुकं भरून आलेलं होतं: बोंबील, सुकट, वाकट्या, पावसाळाभर पुरेल एवढं. ठेवायला जागा नाही, लादीवाल्यांनी सगळं घर उघडं टाकलेलं, आणि शेजाऱ्यांची मांजर तीन पिल्लं घेऊन ओट्यावर मुक्कामाला. ठकुबाईने घरातली एकच जागा शोधली जिथे मांजर शिरू शकत नाही. फियाटच्या काचा वर केल्या, आणि सुक्याची पिशवी सुतळीने गिअरच्या दांडीला टांगली. आठ किलो तरी असेल. दांडी मजबूत होती, सावळारामची गाडी होती.

त्याच आठवड्यात तिने केसरीनाथला बोलावलं. गाडी घरी आहे तर गिअर जरा सैल झालाय तो आवळून दे, म्हणून. तो म्हणाला, मावशी, आधी ती पिशवी काढ. ती लादीवाल्याशी भांडत होती. म्हणाली, काढून ठेवू कुठं, तुझ्या डोक्यावर? ती वर लटकते, तुझं काम खाली, तुला चावत न्हाय. केसरीनाथ स्वतः काढेना, माळेला हात लावून मागे सरला. शेवटी त्याने टॉवेल नाकाला बांधला, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही, आणि सगळं बोनेटमधून केलं. दांडी मधोमध आहे का, ते काचेतून बघून घेतलं. मधोमध दिसत होती. आठ किलो सुकं तिला खाली ओढून धरत होतं, आणि तो तिला मधोमध समजला.

चार दिवसांनी ठकुबाईने पिशवी काढली तेव्हा दांडी बोटभर वर उडाली होती. तिला तेव्हा वाटलं होतं, चला, बिचारीचं ओझं उतरलं.

हे सगळं तिच्या डोक्यातून जायला वेळ लागला नाही. केसरीनाथच्याही डोक्यातून तेच जात असणार, कारण त्याने टॉवेल आणखी वर ओढला. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल वाजली. विशाल आला होता, बाराला सांगितलं तर साडेदहालाच, सोबत गाडी न्यायला एक ड्रायव्हर घेऊन. तो शेडच्या दारात उभा राहून फियाटकडे असं बघत होता की जणू मुलगी पसंत पडली आहे. त्याने विचारलं, काय झालं मग?

केसरीनाथ म्हणाला, "जुनी गाडी हाय. होतं असं." मग ठकुबाईकडे न बघता, खाली सळईकडे बघत म्हणाला, "वैनींचा हात जरा जड पडला असंल."

रंजिता चाकावरून उतरली. ती मागे गेली, डिकी उघडली आणि डबे ठेवायची लोखंडी जाळी ओढायला लागली. जाळी वाकडी झाली होती, निघता निघेना. तिने एक पाय बंपरला लावला आणि ओढली. मग पुसायचं फडकं काढलं, घड्या घातल्या. एका गोडाऊनच्या गेटपासचा कागद काचेला चिकटवलेला होता, तो नखाने सोलायला लागली. तो अर्धा निघाला आणि अर्धा काचेला राहिला. विशाल म्हणाला, राहू द्या ताई, आम्ही पाणी मारून काढू.

ठकुबाई खुर्चीवर बसून होती. कुणीही तिला काही विचारत नव्हतं. केसरीनाथ गप्प राहणार होता, आज आणि पुढेही, कारण चूक अर्धी त्याची होती. सून माहेरी होती, तिला पिशवी माहीत नव्हती. मांजर बोलणार नव्हती. शेलारात उद्या एवढंच झालं असतं की ठकुबाई म्हणाली तेच खरं निघालं, आणि ते शेलारला नवं नव्हतं. सुपरवायझरला सोमवारी दुसरे डबे मिळाले असते. रंजिताने दुसरं काही काढलं असतं, किंवा नसतं काढलं.

रंजिता काचेवरचा उरलेला अर्धा कागद ओल्या बोटाने चोळत होती. सगळा निघावा म्हणून. दुसऱ्याच्या घरी गाडी जाताना स्वच्छ जावी म्हणून.

ठकुबाई उठली. खुर्ची मागे पडली, तिने ती उचलली नाही.

"केसरीनाथ," ती म्हणाली, "माळ खोटं बोलायला घातलीस का रं?"

तो टॉवेलाच्या आत काहीतरी पुटपुटला.

"तोंड सोड आदी. मासळीच्या वासानं मानूस मरत न्हाय." मग ती विशालकडे वळली आणि ओट्यावर बोलायची त्याच आवाजात, तेवढ्याच मोठ्याने, बाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल असं तिने सांगितलं की गिअर सुनेनं बिघडवला नाही. तिनं बिघडवला, ठकुबाईनं, आणि या माळकऱ्यानं. तिनं दांडीला सुकं टांगलं, आणि याला ते काढायला सोवळं आडवं आलं. त्या पिशवीसकट यानं नट आवळला. आणि महिनाभर बोल मात्र सुनेला लागला. विशालला यातलं निम्मं कळलं नाही, पण गाडी मिळणार नाही एवढं कळलं. त्याने विचारलं, मग दिवाळीनंतर बघू का? ठकुबाईने त्याला सांगितलं की दिवाळीनंतर लग्नं असतात, तेव्हा लग्नाला ये, गाडी न्यायला नको.

ड्रायव्हर आणि तो निघून गेले. मोटरसायकलचा आवाज रस्त्याला लागला. मग केसरीनाथने टॉवेल सोडून गळ्यात टाकला आणि पाना घेतला. पिवळी रेघ तुटली. त्याने चेकनट सैल केला, सळईचं टोक फिरवायला लागला. एक फेरा, दुसरा, तिसरा. प्रत्येक फेऱ्याला टोक भोकाशी आणून बघायचा. या वेळी गाडीत जाऊन दोनदा दांडीही हाताने चाचपून आला. नवव्या फेऱ्याला टोक पिनेच्या भोकात आपोआप पडलं, कुणी ढकललं नाही. त्याने वर न बघताच मान डोलावली. नट आवळला, बुशला ग्रीस लावलं, नवी रेघ ओढली. हात पुसून त्याने पिशवीची हकीकत दीपेशला सांगायची गरज आहे का असं विचारलं. ठकुबाई म्हणाली, तू सांगू नको, मी सांगीन, तुझ्या तोंडी खोटं येतं.

ठकुबाईने कनवटीची किल्ली काढून दिली आणि रंजिता चाकावर बसली. गाडी सुरू केली, शेडमधून काढली, रस्त्यावर नेली. ठकुबाई दारात उभी राहून ऐकत होती. पहिला. दुसरा. मग दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि इंजिनाचा आवाज जिथे खाली बसायला हवा तिथे बसला. पुढच्या वळणापलीकडे गेल्यावर चौथा पडल्याचंही तिला कळलं. गाडी फिरून परत आली, तेव्हा रंजिताने ती डिकी शेडकडे करून लावली. डबे भरायला सोपं जावं म्हणून. अकरा वाजले होते. भात तयार होता, डाळीला फोडणी बाकी होती.

ती उतरून आत निघाली तेव्हा ठकुबाईने तिला थांबवलं. कनवटीतली जोड किल्ली काढून तिच्या हातात दिली. घरात अशी दुसरी किल्लीही आहे हे रंजिताला आजवर माहीत नव्हतं. तिने किल्ली घेतली आणि नेहमीसारखी मान हलवून पुढे पाऊल टाकलं.

"थांब," ठकुबाई म्हणाली. "चूक मी केली, ती मी येकदा बोलले, परत बोलनार न्हाय. पन तुझं सांगते. मी तुला महिनाभर गावभर बदनाम केली, आनि तू बोललीस काय, चालेल. तुझा हात चांगला हाय, तुझी भाकरी चांगली हाय. भांडन मात्र तुला येत न्हाय. ते शीक. या घरात मी हाय तवर मी भांडन करीन तुझ्याशी, आनि तुला उत्तर द्यायला लागंल."